टायची गाठ: गस फ्रिंग या खलनायकाचा प्रकरण अभ्यास

वृद्धाश्रमातल्या एका खोलीत स्फोट होतो. दार उडून बाहेर पडतं, धूर पसरतो. तेवढ्यात त्याच दारातून एक माणूस स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येतो, थांबतो आणि टायची गाठ सारखी करतो. आपल्याला त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू दिसते आहे आणि ती शाबूत आहे. क्षणभर वाटतं, हा याही वेळी सुटला. मग कॅमेरा फिरून समोर येतो. चेहऱ्याची दुसरी बाजू उरलेलीच नाही. हात गळ्यावरून खाली येतात आणि माणूस कोसळतो.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनचा हा शेवटचा भाग ९ ऑक्टोबर २०११ रोजी एएमसी वाहिनीवर दाखवला गेला. मेलेल्या माणसाचं नाव गुस्ताव्हो फ्रिंग, सगळ्यांसाठी गस. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात ‘लोस पोयोस एर्मानोस’ नावाची तळलेल्या चिकनची दुकानं चालवणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. त्याच दुकानांच्या आड मेथ या अमली पदार्थाचा प्रचंड धंदा चालवणाराही तोच.

गेल्या दोन दशकांत टेलिव्हिजननं खलनायक भरपूर दिले. त्यातले बरेचसे पाहताना अंगावर आले आणि मालिका संपल्यावर विरून गेले. गस विरला नाही. तो का विरला नाही, हे मला त्याच्या क्रौर्याची यादी करून कळलं नाही, कारण त्या यादीत त्याच्यापेक्षा वरचढ पुष्कळ आहेत. म्हणून हे एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटापर्यंत उलगडून पाहतो आहे. कथानकातलं सगळं इथे उघड होणार आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी आधी ती पाहावी. हा लेख नंतरही वाचता येईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गसला एक नियम आहे: आत काय चाललंय ते बाहेर दिसू द्यायचं नाही आणि घाई करायची नाही. हा नियम मालिका आपल्याला कुठेही शब्दांत सांगत नाही. पाहता पाहता तो आपल्याला पाठ होतो. एकदा पाठ झाला की त्याचं साधं बोट हललं तरी आपल्या पोटात गोळा येतो. आणि त्याला मारणारी गोष्ट बाहेरून येत नाही. त्या नियमाला त्यानं स्वतःच ठेवलेला एकमेव अपवाद त्याला मारतो.

रिकामी झालेली जागा

विन्स गिलिगन यांची ही मालिका २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली. वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक, त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि घरच्यांसाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो मेथ बनवायला लागतो. एका सरळ माणसाचं गुन्हेगारात रूपांतर, हा मालिकेचा कणा. अशा गोष्टीत नायकाचीच घसरण चाललेली असते, त्यामुळे खलनायक लिहिणं अवघड जातं. समोरचा माणूस नुसता वाईट असेल तर त्याच्या शेजारी वॉल्टर आपोआप चांगला दिसू लागतो आणि घसरण जाणवेनाशी होते.

लेखकांच्या संपामुळे पहिला सीझन सात भागांतच संपला. दुसऱ्यासाठी हाताशी टुको सालामांका होता. रेमंड क्रूझनं साकारलेला टुको आरडाओरडा करणारा, नशेत धुंद, कधी मिठी मारेल आणि कधी डोकं फोडेल याचा नेम नसलेला. प्रभाव जबरदस्त. पण ती भूमिका क्रूझला पिळवटून टाकणारी होती, शिवाय त्याचं दुसऱ्या मालिकेचं काम चालू होतं. टुकोला ठरवल्यापेक्षा फार लवकर, दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच भागात मारावं लागलं. सीझन नुकताच उघडलेला आणि खलनायकाची जागा रिकामी.

अशा वेळी सोपी वाट म्हणजे आणखी मोठा टुको आणायचा. जास्त आवाज, जास्त रक्त. मालिकांच्या दुनियेत ही चढती भाजणी नेहमीची आहे. इथे तसं झालं नाही. सीझनचे आठ भाग तसेच गेले आणि अकराव्या भागात, २००९ मध्ये, गस आला. त्याच्या येण्याची कुणाला वर्दी नव्हती.

काउंटरमागचा माणूस

वॉल्टर आणि त्याचा साथीदार जेसी एका बड्या व्यापाऱ्याला भेटायला चिकनच्या दुकानात जाऊन बसतात. वाट पाहतात. कुणीच येत नाही. दुकानाचा व्यवस्थापक मधूनमधून टेबलांपाशी येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारून जातो. पिवळा शर्ट, टाय, चष्मा, अदबशीर हसू. वॉल्टर दुसऱ्यांदा एकटाच जातो, पुन्हा ताटकळतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की भेट तर केव्हाच सुरू झाली आहे. ज्याची वाट पाहतोय तो आपली पारख करून गेलासुद्धा.

हा प्रवेश मी कितीदा पाहिला असेल, त्याची गणती नाही. त्यात सुंदर काय आहे? प्रेक्षकही वॉल्टरइतकाच फसतो. आपणही त्या व्यवस्थापकाकडे नुसतं पाहिलेलं असतं, त्याची नोंद घेतलेली नसते. तिथून पुढे दुकानातल्या कुठल्याही सभ्य माणसाकडे मालिका आपल्याला निर्धास्तपणे पाहू देत नाही. वॉल्टर म्हणतो की आपण दोघं सावध माणसं आहोत. गस सांगतो की तू अजिबात सावध नाहीस, तुझा साथीदार उशिरा आला आणि नशेत आला. त्याच्या आवाजात राग नसतो. एखाद्या अर्जातली चूक दाखवावी तसं तो ते दाखवतो.

यानंतर मालिका त्याच्या सभ्यतेची एकेक वीट रचत जाते. अमली पदार्थविरोधी खात्याच्या, म्हणजे डीईएच्या, धर्मादाय शर्यतीचा तो प्रायोजक आहे. त्यांच्या कार्यालयात तो उजळ माथ्यानं जातो. तिथे अधिकारी हँकच्या मेहुण्याच्या उपचारांसाठी मदतपेटी ठेवलेली असते. पेटीवर वॉल्टरचा फोटो. आपल्या नव्या माणसाला कॅन्सर आहे हे गसला तिथे कळतं आणि तो पेटीत पैसे टाकतो. पुढे सालामांका घराण्याच्या मारेकऱ्यांना हँकचं नाव तो स्वतः देतो. हँक गोळ्या लागून रुग्णालयात पडतो, तेव्हा तिथे ताटकळलेल्या पोलिसांसाठी जेवण घेऊन येणाराही हाच. वॉल्टर भेदरून विचारतो, तुम्ही इथे? तर हा म्हणतो, मी उघड्यावरच लपतो, तुझ्यासारखाच.

‘तुझ्यासारखाच’ हे शब्द इथे महत्त्वाचे. गस हा वॉल्टरला हवा असलेला वॉल्टर आहे. शांत, शिस्तीचा, कुणाला संशय येऊ न देणारा, आपल्या कामात अव्वल. वॉल्टर त्याला शत्रू मानतो आणि त्याचं अनुकरणही करतो. म्हणूनच त्याच्या शेजारी वॉल्टर चांगला दिसत नाही. उथळ दिसतो, कच्चा दिसतो. रिकाम्या जागेचं कोडं असं सुटलं आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये गस त्याला धुलाई कारखान्याखालची चकचकीत प्रयोगशाळा दाखवतो. वॉल्टर नाही म्हणतो. बायको घराबाहेर काढायला निघालेली, कुटुंब हातातून निसटलेलं. गस त्याला धमकावत नाही, पैशाचा आकडाही वाढवत नाही. पुरुष घरच्यांसाठी कमावतो, त्याची कुणी कदर केली नाही, त्याच्यावर कुणी प्रेम केलं नाही तरी कमावतो, एवढंच सांगतो. वॉल्टरनं स्वतःला इतके दिवस जे खोटं सांगितलं, तेच त्याच्या तोंडावर परत सांगणं. समोरच्याच्या मनाची किल्ली इतकी अचूक सापडलेला माणूस भयंकर असतो. हातात शस्त्र नसतानाही भयंकर असतो.

न बोललेला प्रसंग

आता त्या प्रसंगाकडे येतो. चौथ्या सीझनचा पहिला भाग, १७ जुलै २०११. आधीच्या सीझनच्या शेवटी जेसीनं गेलला गोळी घातलेली आहे. गेल म्हणजे वॉल्टरची जागा घेऊ शकेल असा गसचा दुसरा रसायनतज्ज्ञ. हा खून वॉल्टरच्या सांगण्यावरून झाला. हिशेब साधा: दुसरा कुणी बनवणारा उरला नाही तर गस आपल्याला मारू शकणार नाही. आता दोघं प्रयोगशाळेत बसून आहेत. गसचा माणूस माइक त्यांच्यावर नजर ठेवून आहे. दुसरा माणूस व्हिक्टर, पाहून पाहून शिकलेली मेथ बनवायची कृती स्वतःच करून दाखवतोय. गस यायचा आहे.

गस येतो. लोखंडी जिन्यानं खाली उतरतो. वॉल्टर बोलायला लागतो, थांबतच नाही. युक्तिवाद, विनवणी, रसायनशास्त्र, पुन्हा विनवणी. गस त्याच्याकडे पाहतही नाही. कोट काढून ठेवतो. कपड्यांवर डाग पडू नये म्हणून अंगावर संरक्षक पोशाख चढवतो, पायांत बूट घालतो. खोकी कापायचं एक साधं कटर उचलतो. चालत येतो आणि व्हिक्टरचा गळा चिरतो. आपल्याच माणसाचा. तो पूर्ण शांत होईपर्यंत त्याला धरून ठेवतो आणि सगळा वेळ नजर वॉल्टर आणि जेसीवर रोखतो. मग परत जातो, रक्त धुतो, पोशाख उतरवतो, कपडे घालतो, चष्मा चढवतो. जिना चढताना वळून एकच वाक्य बोलतो: कामाला लागा.

हा प्रसंग मी एकदा आवाज बंद करून पाहिला आणि त्याची रचना तेव्हा नीट लक्षात आली. दहशत खुनात फार थोडी आहे. ती कपडे बदलण्यात आहे. पोशाख चढवताना गस जेवढा वेळ घेतो, तेवढा वेळ आपल्याला विचार करायला मिळतो: कुणासाठी चाललंय हे? वॉल्टरसाठी? जेसीसाठी? व्हिक्टरचं नाव मनात येतच नाही. घाई केली असती तर फक्त धक्का बसला असता. त्याच्या सावकाशपणामुळे आपल्याला त्या खोलीत कोंडल्यासारखं होतं. आणि खुनानंतर त्याच क्रमानं, त्याच गतीनं सगळं उलट घडतं, तेव्हा कळतं की या माणसासाठी दोन्ही गोष्टी एकाच दर्जाच्या आहेत. अंगावर रक्त येऊ नये म्हणून घेतलेली काळजी आणि माणसाचा जीव, दोन्ही कामाचाच भाग.

माइकचंही पाहण्यासारखं आहे. जोनाथन बँक्सनं साकारलेला हा मुरलेला माणूस, कशानंही न दचकणारा. तोही दचकतो, त्याचा हात पिस्तुलाकडे जातो. मालिकेनं त्याची ती प्रतिक्रिया मुद्दाम दाखवली आहे. गसला सर्वात जवळून ओळखणाऱ्यालाही हे अपेक्षित नव्हतं, हे एका हालचालीत सांगून झालं.

व्हिक्टरला का मारलं? तो गेलच्या घरी लोकांच्या नजरेस पडला होता म्हणून? परवानगीशिवाय बनवायला लागला म्हणून? की वॉल्टरला आणि जेसीला मारता येत नाही, तरी कुणाचं तरी रक्त त्यांना दाखवायचंच होतं म्हणून? मालिका उत्तर देत नाही. बरं झालं देत नाही. गसनं तोंड उघडून कारण सांगितलं असतं तर प्रसंग तिथेच विझला असता.

हे सगळं लिहिलेलं कितीही चांगलं असलं, तरी उभं राहिलं जिआनकार्लो एस्पोसिटोमुळे. याच नटानं १९८९ साली ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात बगिन आउट नावाचा तडतड्या, सतत भडकलेला तरुण केला होता. दोन्ही भूमिका लागोपाठ पाहिल्या तर हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. गसची स्थिरता सापडायला योगाभ्यास आणि श्वासावरचं लक्ष उपयोगी पडलं, असं त्यानं मुलाखतींतून सांगितलं आहे. ते पडद्यावर दिसतंही. समोरचा बोलत असताना तो खरोखर ऐकतो, उत्तर देण्याआधी एक श्वास घेतो आणि त्या श्वासात समोरच्याचा धीर सुटतो. सुरुवातीला त्याला पाहुणा कलाकार म्हणूनच बोलावलं होतं. इतक्यावर समाधान नको, या गोष्टीचा भाग व्हायचंय, असा आग्रह त्यानंच धरला.

हेक्टर

पहिले दोन सीझन गसच्या पोटात काय आहे याचा थांग लागत नाही. नुसता थंड माणूस तेवढ्यावर फार काळ टिकत नाही, त्याचंही लवकरच यंत्र होतं. चौथ्या सीझनच्या आठव्या भागात मालिका पहिल्यांदा त्याचा थर खरवडते.

त्या भागात डीईएचे लोक त्याची चौकशी करतात. तो प्रत्येक प्रश्नाचं समाधानकारक उत्तर देतो, हसून निरोप घेतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. दार बंद होतं. कॅमेरा त्याच्या हाताकडे जातो. बोटं अस्वस्थपणे हलताहेत. बस, इतकंच. पण नियम आपल्याला एव्हाना पाठ झालेला आहे, म्हणून ती बोटं एखाद्या किंकाळीसारखी ऐकू येतात. दुसऱ्या कुठल्याही पात्राची बोटं हलली असती तर कुणाच्या नजरेतही आलं नसतं.

त्याच भागात भूतकाळ उलगडतो. तरुण गस आणि त्याचा जिवलग साथीदार मॅक्स मेक्सिकोत, अमली पदार्थांच्या कार्टेलचा, म्हणजे बड्या टोळीचा, म्होरक्या डॉन एलादिओ याच्या वाड्यावर, पोहण्याच्या तलावाकाठी धंद्याची बोलणी करायला आलेले. बोलणी चालू असतानाच हेक्टर सालामांका मॅक्सच्या डोक्यात गोळी घालतो. गसला जमिनीवर दाबून धरतात, त्याचं तोंड मॅक्सच्या तोंडासमोर येतं आणि मॅक्सचं रक्त तलावाच्या पाण्यात उतरत राहतं. तू कोण आहेस हे मला ठाऊक आहे म्हणून तू जिवंत आहेस, असं एलादिओ त्याला सांगतो. पुढे दुकानांच्या नावात ‘एर्मानोस’, म्हणजे भावंडं, हा शब्द का आहे ते आपल्याला तेव्हा समजतं. दोघांची ती जोडी होती. एकाचंच नाव उरलं.

दोन भागांनंतर सूड पुरा होतो. त्याच तलावाकाठी गस उंची दारूची बाटली भेट नेतो. संशय येऊ नये म्हणून आधी स्वतः पितो. दारूत विष आहे. मग तो शांतपणे न्हाणीघरात जातो, टॉवेलची नीट घडी घालतो, ती जमिनीवर ठेवून तिच्यावर गुडघे टेकतो आणि उलटी काढतो. टॉवेलची घडी! अंगात विष भिनत असताना गुडघ्याखाली घडी. या माणसाला समजून घ्यायला दुसरं काही पाहिलं नाही तरी चालेल. बाहेर एलादिओ आणि त्याचे सगळे हस्तक मरून पडतात. एलादिओ तलावात कोसळतो.

एकालाच त्यानं मारलेलं नाही, ते म्हणजे हेक्टर. अर्धांगवायूनं खुर्चीला जखडलेला, वाचा गेलेला, खुर्चीला लावलेली घंटा वाजवून हो म्हणणारा म्हातारा. मार्क मार्गोलिसनं ही भूमिका डोळ्यांनी आणि एका बोटानं केली आहे. गस वेळोवेळी वृद्धाश्रमात येतो, त्याच्यासमोर बसतो आणि तुझं कोण कोण मेलं ते सांगतो. माझ्याकडे बघ, असं म्हणतो. हेक्टर बघत नाही. त्याच्याजवळ उरलेली एवढीच ताकद आहे आणि ती तो सोडत नाही.

इथे गसचा नियम मोडलेला आहे. धंद्याच्या हिशेबात या भेटींना काडीची किंमत नाही. त्यांतून धोकाच आहे. ज्या माणसानं सगळं आयुष्य गरजेपुरतं जगायचं ठरवलं, तो इथे गरज नसताना येतो. त्याला कबुली हवी आहे. ज्यानं मॅक्सला मारलं त्यानं एकदा वर बघावं आणि आपण हरलो हे त्याच्या डोळ्यांत दिसावं. आणि आपणही, इतकी माणसं मारलेल्या या गृहस्थाच्या बाजूनं, हेक्टरनं वर बघावं म्हणून मनातून वाट पाहू लागतो. मला ही जागा मालिकेतली सर्वात अस्वस्थ करणारी वाटते.

शेवट आणि त्यातली खोट

यानंतर घटना भराभर घडतात. गस वाळवंटात वॉल्टरला गुडघ्यांवर बसवून सांगतो की मध्ये पडलास तर तुझ्या बायकोला, मुलाला, तान्ह्या मुलीला मारेन. आवाज चढत नाही. वॉल्टर रुग्णालयाच्या आवारात त्याच्या गाडीला बॉम्ब लावतो. गस गाडीकडे चालत येतो, मध्येच थांबतो, आजूबाजूला पाहतो आणि परत फिरतो.

या प्रसंगाबद्दल माझी तक्रार आहे. जेसीच्या बोलण्यावरून त्याला संशय आला असेल, असं समर्थन करता येतं, पण पडद्यावर ते पुरेसं येत नाही. त्याला वास आल्यासारखं दाखवलंय. याआधी त्याचा प्रत्येक बचाव तर्कातून आलेला होता. याच सीझनमध्ये तो हात पसरून नेमबाजाच्या गोळ्यांसमोर चालत जातो, तेही वेडं साहस नव्हतं. कार्टेलला आपण जिवंत हवे आहोत हा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. गाडीपाशी मात्र लेखकांनी त्याला थोडी दैवी शक्ती उसनी दिली. शेवट जवळ आल्यावर अडचण सोडवायला असं करायचा मोह होतो, आणि तो इथे आवरलेला नाही.

पण त्यापुढचं पाऊल अचूक आहे. गसला सावधपणात हरवता येत नाही हे वॉल्टरला कळतं. मग जिथे तो सावध नसतो ती जागा शोधायची. वॉल्टर हेक्टरकडे जातो. हेक्टर डीईएच्या लोकांसमोर बसून येतो, म्हणजे गसला वाटावं की म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. आता त्याला मारावं लागणार. हे काम गसचा माणूस टायरस सहज करू शकला असता. गस सांगतो, मीच करणार. टायरस आधी जाऊन खोली तपासतो, आवाज पकडणारं काही यंत्र तर नाही ना, हे बघतो. बॉम्ब चाकांच्या खुर्चीखाली आहे, तिथे तो बघत नाही. गस येतो, विषाची सुई बाहेर काढतो आणि म्हणतो, माझ्याकडे बघायची ही शेवटची संधी.

हेक्टर बघतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतो. गसला हवं होतं ते त्याला मिळालं. मग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची मान खाली घालणारी शरम पुसली जाते, तिथे द्वेष येतो आणि बोट घंटेवर आपटायला लागतं. घंटा आता बॉम्बला जोडलेली आहे. गसला हे कळतं, तो ओरडत उठतो. संपूर्ण मालिकेत त्याच्या चेहऱ्यावर भीती इतकी उघडी आलेली ही पहिली वेळ, आणि तोवर वेळ संपलेला असतो.

टाय नीट करण्याच्या दृश्यावर पुष्कळांनी नाक मुरडलं. अर्धं डोकं उडालेला माणूस चालेल कसा, हा प्रश्न शरीरशास्त्राच्या दृष्टीनं रास्तच आहे. मेकअपसाठी ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेच्या चमूची मदत घेतली होती आणि दृश्य पाहताना ती गोष्ट जाणवतेही, म्हणजे क्षणभर भयपटाचा भास होतो. तरीही मी या दृश्याच्या बाजूनं उभा आहे. तीन सीझन आपण या माणसाला टापटीप राहताना पाहिलं. खून करून चष्मा चढवताना पाहिलं, विष पिऊन टॉवेलची घडी घालताना पाहिलं. शरीर संपलं तरी सवय आणखी दोन पावलं चालली. दुसऱ्या कुणालाही हा शेवट शोभला नसता. आणि एखाद्या पात्राचा शेवट दुसऱ्या कुणालाही लावता येत नसेल तर तो शेवट खरा आहे, असं मी मानतो.

तुलनेसाठी एक उदाहरण घेतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला रॅमसे बोल्टन गसपेक्षा कैक पटींनी क्रूर आहे. नटही उत्तम. पण तिसऱ्या सीझनपासून सहाव्यापर्यंत त्याची क्रूरता त्याच पट्टीत वाजत राहते. पुढच्या प्रसंगात तो काय करणार, याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं: जे सर्वात वाईट ते. त्याचा नियम मोडण्याची शक्यताच नाही, कारण त्याला नियमच नाही. त्याचा तिरस्कार वाटतो आणि तो मेल्यावर सुटल्यासारखं वाटतं. पुढे मनात काही उरत नाही.

गस मेल्यावर वॉल्टर बायकोला फोनवर सांगतो की मी जिंकलो. शेवटच्या दृश्यात कळतं की जेसीच्या ओळखीतल्या लहान मुलावर विषप्रयोग वॉल्टरनंच केला होता. गसचं पात्र किती मोलाचं होतं हे त्या क्षणी ध्यानात येतं. तो असेपर्यंत वॉल्टरला लपायला आडोसा होता. पाचव्या सीझनमध्ये खलनायकाची खुर्ची वॉल्टरकडेच जाते. जॅकची टोळी वगैरे मंडळी येतात, पण ती मला फिकी वाटतात. अपवाद टॉडचा. तो माणसं मारतो आणि मोठ्यांशी नम्रपणे बोलतो. त्याच्यात गसची सावली आहे, फक्त आत काहीही नाही.

२०१२ सालच्या एमीसाठी एस्पोसिटो आणि मार्गोलिस दोघांनाही नामांकनं मिळाली. सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी याच मालिकेतल्या जेसीला, म्हणजे ॲरन पॉलला, मिळाला.

मागे वळून

प्रकरण इथे मिटलं असतं, पण २०१७ मध्ये, ‘ब्रेकिंग बॅड’मधूनच निघालेल्या ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये गस परत आला. ही गोष्ट आधीच्या काळातली. तो कसा मरणार हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत. मग भीती कशाची घालायची?

लेखकांनी भीती त्याच्या मरणाकडून काढून त्याच्या जगण्याकडे वळवली. हेक्टरला झटका येतो तेव्हा गसच त्याच्यासाठी निष्णात डॉक्टर आणतो, उपचारांचा खर्च करतो. हेक्टरला सगळं समजायला लागलंय, पण बोलता-चालता येत नाही, अशा टप्प्यावर आल्याचं त्याच्या लक्षात येतं. तिथे तो उपचार थांबवतो. बेशुद्ध हेक्टरच्या उशाशी बसून त्यानं लहानपणीची एक आठवण सांगितलेली असते. त्याच्या झाडाची फळं खाणाऱ्या एका प्राण्याला त्यानं रात्रभर दबा धरून पकडलं. त्याला मारून टाकणं ही दया ठरली असती. त्यानं तो ठेवून घेतला.

म्हणजे वृद्धाश्रमातली ती खुर्ची गसनंच घडवलेली होती. त्या खुर्चीवरची घंटा हेक्टरचा पुतण्या लालो आणून देतो, तेव्हा ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलेल्या माणसाचा श्वास अडकतो.

लालो मेल्यानंतरच्या भागात, २०२२ मध्ये, गसच्या वाट्याला एक छोटा प्रसंग येतो. वाइन मिळणारी एक शांत जागा. तिथल्या डेव्हिड नावाच्या माणसाशी तो बोलत बसलाय. डेव्हिड द्राक्षमळ्यांच्या, प्रवासाच्या गोष्टी रंगवून सांगतोय आणि गस खरा हसतोय, दुकानातलं हसू नाही. डेव्हिड म्हणतो, तुम्हाला दाखवायला एक खास बाटली आणतो, आणि आत जातो. गस एकटा उरतो. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळतं. डेव्हिड बाटली घेऊन यायच्या आत तो उठतो आणि निघून जातो.